पाचही कोंबडे अजून का ठेवलेत?

"एक ठेवा, बाकीचे कापा. थंडीत किती मारामाऱ्या करतात, बघवत नाही हो." दूधवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी हे मला ऐकवून झालंय. मार्गशीर्ष संपला की विचारणाऱ्यांच्या हातात पिशवीच असते. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाच सांगते.

पाच कोंबडे मी हौसेने जमवले नाहीत. जूनमध्ये खुडूक कोंबडीखाली नऊ अंडी बसवली, नऊच्या नऊ फुटली आणि त्यात पाच नर निघाले. निम्म्याला निम्मे निघतातच. दिवाळीपर्यंत पाचही जण एका ताटलीत गुण्यागोविंदाने खायचे, हे मात्र कुणाला आठवत नाही.

डिसेंबरात निफाडचा पारा उतरला तशी मखमलाबादच्या बागांतून पहाटे शेकोट्या पेटायला लागल्या. मला वाटलं, द्राक्षाला ऊब लागते तर यांना का नको? खुराड्याला चारी बाजूंनी पोती बांधली, आत 60 वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर सोडला आणि ऊन चढेपर्यंत दार उघडायचं नाही असं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पिसं दिलीत देवाने त्यांना." मी ऐकलं नाही.

जानेवारीत एका सकाळी काळ्याचा तुरा रक्ताने माखलेला दिसला. त्याला घरात आणलं, पोटॅशच्या पाण्याने धुतलं, हळद भरली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डालग्याखाली ठेवलं. बारा दिवस. चांगला माणसाळला, हातातून ज्वारी खायचा. तेराव्या दिवशी मीच त्याला उचलून परत अंगणात सोडला.

लाल्याने आधी मान खाली घातली, जणू काही दाणे टिपतोय. मग मानेची पिसं छत्रीसारखी उघडली. काळ्या जागचा हलला नाही. माझ्या हातात चहाचा कप होता. मनात म्हटलं, ठरवू देत आपापसात, एकदा लहानमोठा ठरला की मिटेल. दोघं छातीवर छाती आपटून उडाले, पायाचे काटे पुढे. दुसऱ्या झेपेला काळ्या पडला आणि बाकीचे तिघंही धावून आले. मी कप ठेवून फडकं शोधेपर्यंत त्याचा उजवा डोळा गेला होता.

बारा दिवस नजरेआड राहिलेला कोंबडा परत आला की कळपाला तो परका असतो, हे मला नंतर कळलं. घायाळाला वेगळं ठेवायचंच, पण जाळीपलीकडे, सगळ्यांना दिसेल असं. बल्बचंही नंतरच कळलं. लेअरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये 16 तास उजेड देतात तो अंड्यांसाठी. लांबलेल्या दिवसाने नराच्या अंगातही माज चढतो. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस जेमतेम 11 तासांचा, म्हणजे निसर्गाने त्यांना शांत ठेवायची सोय केली होती आणि मी रात्रभर दिवस लावून ठेवला होता. वर कोंडलेलं. पळायला कोपरा नाही.

म्हणजे चूक माझी. पण सगळी माझीच का? जूनची पिल्लं जानेवारीत सात महिन्यांची होतात, त्या वयात नर भांडतातच. बल्ब नसता तरी डोळा गेला असता? काही रात्री वाटतं, हो. काही रात्री वाटतं, ही मी काढलेली पळवाट आहे.

आता उजाडताच दार उघडते. दाणे पाच ठिकाणी टाकते. ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षकाड्यांचे ढीग अंगणात रचलेत, मार खाणाऱ्याला त्यांच्याआड जाता येतं. कोबीचा गड्डा सुतळीने टांगते, चोचींना काम मिळतं. कोंबड्या पलीकडच्या गल्लीत जावेकडे दिल्या. मादी डोळ्यांसमोर नसली की नर बरेच निवतात. अंडी विकत आणते, हसा हवं तर.

भांडणं थांबली असं म्हणणार नाही. परवाच लाल्याने एकाची शेपूट उपटली. तरी कापायचा तर कुणाला? लाल्याला, की चहा पीत उभी राहिलेलीला?

काळ्या आता नेहमी डावी बाजू पुढे करून चालतो. बल्ब अजून तिथेच लोंबतोय. काल फार गारठा होता, तेव्हा अर्धा तास लावलाच मी.