बाबांच्या पाठीमागचा कॅमेरा

आमची बोट ट्रॉलिंगची, म्हणजे मागे जाळं ओढत मासे धरणारी, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात असते. केबिन पुढे आणि काम सगळं मागे. म्हणजे बाबा स्टेअरिंगवर, तोंड समुद्राकडे, आणि त्यांच्या पाठीमागे विंच (जाळ्याची वायर गुंडाळणारं यंत्र) फिरतोय, वायर ताणलेली, जाळं ओढणारी पोरं. गेल्या सीझनला एका खलाशाचा हातमोजा वायरमध्ये ओढला गेला, तो ओरडला पण इंजिनच्या आवाजात केबिनपर्यंत काय ऐकू जाणार, शेजारच्या पोराने क्लच सोडला म्हणून बोटं वाचली. बाबांना हे नंतर कळलं. मान दुखते त्यांची, सारखं वळून बघणं आता जमत नाही. तेव्हाच ठरवलं की यंदा १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोट वर काढली की मागे कॅमेरा बसवायचाच.

आधी एक वायफायवाला सीसीटीव्ही कॅमेरा लावून बघितलेला, तो अजिबात घेऊ नका. एकतर चित्र उशिरा येतं, आणि विंचजवळ एक सेकंद म्हणजे खूप झाला. दुसरं म्हणजे त्यात डावीकडचा माणूस उजवीकडे दिसतो, कारण कॅमेरा मागे तोंड करून आणि तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, पुढे तोंड करून. गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं उलटवलेलं असतं, बोटीला तेच पाहिजे. फक्त त्याच्या लाल-पिवळ्या-हिरव्या रेषा बंद करा, त्या सपाट रस्त्याच्या हिशोबाने आखलेल्या असतात, हलत्या बोटीवर त्यांचा अंदाज धरणं धोक्याचं.

शेवटी ट्रकचा कॅमेरा घेतला, वायरवाला, १२ ते २४ व्होल्ट चालणारा, पिळून बसवायचा चार पिनचा कनेक्टर आणि २० मीटर केबल. कॅमेऱ्यावर पाणी किती सोसतो त्याचा आयपी नंबर असतो; आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ठीक आहे, पण आमच्याकडे डेक पंपाच्या फवाऱ्याने धुतात म्हणून जोराच्या फवाऱ्याला टिकणारा, ६९के लिहिलेला बघितला. तरी या टेस्ट गोड्या पाण्यावरच्या असतात हे लक्षात ठेवा, खाऱ्याचं काम वेगळं. कंपनीचे स्क्रू मी फेकून दिले आणि ३१६ स्टेनलेस स्टीलचे लावले, नेहमीच्या ३०४ स्टीलवर आमच्याकडे गंजाचे डाग लवकर धरतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला वायरिंगला, आणि जायलाच पाहिजे. आमची सिस्टीम २४ व्होल्ट, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला दुसरी जोडून. पुष्कळ बोटींवर १२ व्होल्टचं काही लावायचं असलं की एकाच बॅटरीवरून वायर काढतात, मग ती एक जास्त उतरते, चार्जिंग मात्र दोघींना सारखंच, आणि वर्षभरात जोडी खराब. म्हणून दोन्हीवरून पूर्ण २४ घेतलं, बॅटरीजवळच फ्यूज टाकला. वायर कथिलाचा मुलामा दिलेली घेतली कारण साधं तांबं आतून काळं पडत जातं. जॉइंट फक्त केबिनमध्ये, बाहेर एकही नाही. केबल भोकातून आत नेण्याआधी खाली थोडा झोल दिला, पाणी तिथूनच ठिबकून जातं.

जागा मागच्या लोखंडी कमानीवर, पांढऱ्या स्टर्न लाईटच्या (बोटीच्या मागच्या दिव्याच्या) खाली. त्या दिव्याचा प्रकाश मागे १३५ अंशात दिसलाच पाहिजे, त्याच्या आड काही येऊ द्यायचं नाही, आणि कॅमेरा वर लावला तर लेन्समध्ये झगमगाट होतो. तोंड खाली, विंच आणि जाळ्याच्या जागेवर. कॅमेऱ्याचे रात्रीचे इन्फ्रारेड दिवे काळ्या टेपने झाकले, तुषार उडाले की त्यांच्यामुळे सगळं पांढरं दिसतं, आणि काम करताना डेकचे फोकस चालू असतातच.

मॉनिटर स्टेअरिंगसमोर लावला आणि होकायंत्राचा काटा सरकला! मॉनिटरमधल्या स्पीकरला लोहचुंबक असतं. काटा जागेवर राहीपर्यंत मॉनिटर हळूहळू लांब नेला, मग स्क्रू मारले. हे प्रत्येकाने करून बघा, स्क्रीन चालू आणि बंद, दोन्ही करून. रात्री ब्राइटनेस अगदी कमी ठेवा, नाहीतर पुढचं दिसायचं बंद होतं.

नारळी पौर्णिमेनंतर दुसऱ्या फेरीला मी मागे होतो. जाळं वर येत असताना अचानक भोंगा वाजला, सगळे थांबले, तर एका पोराचा पाय वायरच्या आतल्या बाजूला. बाबांनी मान वळवली नव्हती.

लेन्स रोज गोड्या पाण्याने पुसायचं काम आता त्याच पोराकडे आहे.