राहिलेली दिवाळी, तुळशीच्या लग्नादिवशी

सावंतवाडीला जाणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बर्थवरच्या काकूंनी चिपळूण यायच्या आत मला तीनदा विचारलं, "दिवाळीला नाही गेलात? आता काय उरलंय गावाला?" पहिल्या वेळी नीट उत्तर दिलं. माझा भाऊ एसटीवर चालक आहे, दिवाळीत जादा गाड्या लागतात, त्याला सुट्टी आता मिळाली, म्हणून आमची दिवाळी आता. त्यावर त्या म्हणाल्या, "हो, पण तिथी गेली ना!" मला याचा मनापासून राग येतो. लाखो माणसं लक्ष्मीपूजनाच्या आत आपापल्या घरी पोचतात ती कोणीतरी आपलं घर सोडून गाडी चालवतो म्हणून. तसंच वॉर्डात कोणीतरी रात्रपाळी करतं, सिग्नल कोणीतरी सांभाळतं. त्यांच्या घरी दिवाळी कार्तिक शुद्ध द्वादशीला आली तर तिथी गेली म्हणायचं?

ठाण्याहून मध्यरात्री चढलो होतो. झोप अशी नाहीच. आरक्षित डब्यात दाराशी, पॅसेजमध्ये, अगदी दोन बर्थच्या मधल्या जागेत माणसं बसलेली. सणांच्या दिवसांत कोकणच्या गाड्यांना गर्दी असते हे मान्य, पण सण उलटून दहा-बारा दिवस झाल्यावरही लहान मुलाला बाथरूमपर्यंत न्यायला पाच जणांना उठवावं लागतं हे मला पटत नाही. सकाळी रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला, तेव्हा धाकट्याने काळोखात माझा हात घट्ट धरला आणि उजेड आल्यावर "आता गाव?" म्हणून विचारलं. गावाला अजून अख्खी रत्नागिरी, राजापूर, वैभववाडी, कणकवली, कुडाळ असं सगळं बाकी होतं.

सावंतवाडी रोड स्टेशन सावंतवाडीत नाही, ते मळगावला आहे, हे नवख्या माणसाने आधीच समजून घ्यावं. बाहेर उतरलं की रिक्षावाला सांगेल तो आकडा. मी वाद घातला नाही, कारण मला लाकडी खेळण्यांची चितार आळी गाठायची होती.

दरवर्षी दिवाळीला गावातल्या पोरांना मी डोंबिवलीहून काहीबाही न्यायचे. बॅटरीवरच्या गाड्या, बोलणाऱ्या बाहुल्या. त्या तुळशीच्या लग्नापर्यंतही टिकत नाहीत. आई त्यांचे तुकडे पोत्यात भरून ठेवते, कारण आमच्या गावात प्लास्टिक न्यायला कोणी येत नाही. यंदा ठरवलं होतं की मुलांच्या भेटी सावंतवाडीतच घ्यायच्या, लाकडी.

चितार आळी मोती तलावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तलाव १८७४ सालचा, काठावर राजवाडा. ज्या गावात दुकानाच्या पायरीवर बसून माणूस अजून लाकडी केळ्याला पिवळा रंग देताना दिसतो, त्या गावाला जपलं पाहिजे. इथली जुनी खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची. पांगारा हलका आणि मऊ, तासायला सोपा, आणि लहान पोराच्या हातातून पायावर पडला तरी लागत नाही. फळांच्या परड्या तर अशा की माझ्या लेकीने हापूस उचलून नाकाला लावला. कारल्याचे कंगोरे, वांग्याच्या देठाचा हिरवा, पपईच्या कापावरच्या काळ्या बिया, सगळं हाताने.

तासभर तिथेच गेला. दादाच्या लेकाला फळांची परडी, भाचीला भातुकली, म्हापशाहून येणाऱ्या आतेभावाच्या जुळ्या मुलींना दोन ढोलक्या (ही निवड नंतर घरातल्या मोठ्यांना फार महागात पडली), माझ्या धाकट्याला भोवरा. थोरल्या लेकीला राजवाड्यातली गंजिफा दाखवायला नेलं. दशावतारी गंजिफेत गोल पत्ते १२०, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा पत्ते. हाताने रंगवलेला अख्खा संच आमच्या खिशाबाहेरचा होता, पण ती प्रत्येक पत्त्यापाशी थांबली, वराह कुठला आणि नृसिंह कुठला हे स्वतः ओळखत. एक मात्र आग्रहाने सांगते. चितार आळीत घासाघीस करू नका. मॉलमध्ये जे आपण छापील किमतीला निमूट घेतो, ते इथे कारागिराच्या तोंडासमोर अर्ध्यावर आणायला जीभ कशी उचलते?

तिथून एसटीने गाव. बाईमाणसाला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे वाचले त्या पैशांत स्टँडवर मुलांना कोकम सरबत. बांद्याच्या वाटेवर शेतं कापून झाली होती, काही भात मात्र अजून आडवं पडलेलं दिसलं. यंदा पावसाने दिवाळीतही पाठ सोडली नव्हती.

आई खळ्यात उभी. "इलंस? बरां झालां. दिवाळी खंय पळान जाता?" एवढंच म्हणाली आणि मुलांच्या गालांवरून हात फिरवला. दारात आकाशकंदील अजून लटकलेला, कडेचे कागद भिजून सुकलेले. वहिनीने तो उतरवला नव्हता. फराळाचा एक डबा तिने दादाच्या नावाने बांधून कपाटावर ठेवला होता, आणि पोरांना इतके दिवस त्याला हात लावू दिला नव्हता. दादा रात्री उशिरा आला, खाकी शर्ट दोरीवर टाकला आणि जेवता जेवताच झोपेला आला.

आता त्या सकाळबद्दल. सगळं लिहिते आहे ते तिच्यासाठीच.

आमच्याकडे नरकचतुर्दशीला चावदिस म्हणतात. पहाटे उटणं, गरम पाण्याची आंघोळ, मग तुळशीसमोर डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट (वेलीवरचं लहानसं कडू रानफळ) फोडायचं, "गोविंदा" ओरडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच पोह्यांना हात. कारीट फोडल्याशिवाय आई कोणाला चुलीपाशी येऊ देत नाही. दादाने कितीतरी वर्षांत ते फोडलेलं नव्हतं. चावदिसाच्या पहाटे तो कायम कुठल्यातरी घाटात, कुठल्यातरी स्टँडवर. म्हणून आदल्या संध्याकाळी मी आणि वहिनी कुंपणाच्या कडेने, शेताच्या मेरेवरून कारीट शोधत फिरलो. वेली वाळून गेलेल्या. एकही मिळालं नाही. वहिनी म्हणाली, "ऱ्हवांदे, लिंबू फोडूक सांगूया."

पहाटे आई न्हाणीघरातल्या चुलीत जाळ घालून बसली होती. खोबरेल तेल, उटणं, तांब्यातांब्याने कढत पाणी. माझी दोन मुलं कुडकुडत, रडत, हसत आंघोळ करून आली. दादा सगळ्यांत शेवटी. तो ओल्या केसांनी, पंचा गुंडाळून खळ्यात आला आणि तुळशीपाशी लिंबू ठेवलेलं बघून काही न बोलता पाय पुढे करणार, तेवढ्यात त्याचा सहा वर्षांचा मुलगा धावत घरात गेला. आतून डबे आपटल्याचा आवाज. वहिनी ओरडली. तो बाहेर आला तो दोन्ही मुठी कोंड्याने माखलेल्या, आणि मुठींत चार कारिटं.

सुरकुतलेली, पिवळी पडलेली, एक तर पार मऊ. चावदिसाच्या दिवशी त्याने आपल्या वाट्यातली आणि आजूबाजूच्या पोरांकडून मागून घेतलेली कारिटं कोंड्याच्या पिंपात लपवली होती. इतके दिवस आईला नाही, आजीला नाही, बहिणीलाही सांगितलं नव्हतं. "बाबा नाय होते म्हणान ठेवलंय," एवढंच म्हणाला, आणि ती तुळशीपाशी रांगेने मांडायला बसला.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आंबोलीच्या घाटात दाट धुक्यात गाडी बाजूला घेऊन अख्खी रात्र काढलेला माणूस. बाबा गेले तेव्हाही त्याने सगळ्यांना सावरलं आणि स्वतः गोठ्यामागे जाऊन रडला. त्या पहाटे मात्र तो तिथेच, खळ्यात, सगळ्यांसमोर मटकन बसला आणि पोराला पोटाशी धरलं. आई म्हणाली, "रे, उठ, पाणी थंड झालां, सर्दी जायत." तिचाही आवाज नीट नव्हता.

मग चारही कारिटं फुटली. सुकल्यामुळे तो फट्‌ आवाज आला नाही, पण पोरांनी "गोविंदा"चा जो गजर केला त्याने शेजारची कुत्री उठली आणि पलीकडच्या घरातून कोणीतरी हाक मारली, "चावदिस काय रे आज?" दादा ओरडून म्हणाला, "होय, आमचो आज!" रस इतका कडू की माझ्या लेकीने तोंड वेडंवाकडं केलं. भाच्याने मोठ्या माणसासारखा चाटला आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिला, तोही चाटतो की नाही ते.

त्यानंतरचे पोहे मी आयुष्यभर विसरणार नाही. घरच्या भाताचे जाडे पोहे. गुळाचे, दुधाचे, ताकातले, फोडणीचे, आणि सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ. दादाने प्रत्येक प्रकार दोनदा घेतला. आणि मग कपाटावरचा तो डबा खाली आला. चकल्या किंचित नरमल्या होत्या, पण कोणी तसं म्हणालं नाही.

दुपारी म्हापशाहून आत्या आणि आतेभाऊ कुटुंबासह आले. आत्याच्या पिशवीत मयड्याची (गोव्यातल्या मोयरा गावची) केळी. मी तिला तुतारीतल्या काकूंची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "तिका सांग, गोंयांत तुळशीच्या लग्नाकच व्हडली दिवाळी म्हणटात." भाऊबीज दुपारीच उरकली. सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन. मी दादाला ओवाळलं, भाचीने भावाला, जुळ्यांनी कोणी कोणाला ओवाळायचं यावर भांडण केलं. दादाने मला ताटात साडी घातली, आणि मग मुलांच्या भेटी स्वतःच्या हाताने वाटल्या. पिशवी मी आणली असली तरी वाटायच्या त्यानेच, हे मी आधी ठरवलं होतं. दरवर्षी त्याच्या मुलांना भेटी मिळाल्या त्या आत्याकडून, मामाकडून, आजीकडून. भाच्याने लाकडी फळांची परडी घेतली आणि लगेच माजघरात गाडी लावली. पाटांची रांग म्हणजे सीट, दादा चालक, तो स्वतः कंडक्टर, आणि तिकीट म्हणून प्रत्येकाला एक फळ. मला अर्धं तिकीट म्हणून चिकू मिळाला. ढोलक्यांचं काय झालं ते विचारू नका.

संध्याकाळी तुळशीचं लग्न. वृंदावन गेरूने रंगवलेलं, चारी बाजूंनी ऊस, दिंड्याची काठी, झेंडूच्या माळा, चिंचा-आवळे. भटजी एकच आणि घरं पुष्कळ, त्यामुळे आमचा मुहूर्त ते येतील तेव्हा. अंतरपाट दादाने धरला. मंगलाष्टकं संपायच्या आत फटाके सुरू. मग पोरांची फौज घरोघरी, चुरमुरे, बत्तासे, खोबऱ्याचे तुकडे गोळा करत. कोणाच्या घरी काय मिळालं याचा हिशोब परत आल्यावर खळ्यात चालला, आणि वरच्या वाडीत लाडू देतात हे कळल्यावर सगळे पुन्हा पळाले.

उरलेले दिवस खाण्यात, झोपण्यात आणि नदीवर गेले.

परतीला सावंतवाडीपर्यंत आम्ही दादाच्याच गाडीतून आलो. मुलं चालकामागच्या सीटवर, त्यांना एकच अट, दादामामाशी बोलायचं नाही. कंडक्टरने मला अर्धं तिकीट दिलं तेव्हा धाकट्याने पिशवीतून लाकडी चिकू काढून पुढे केला. तो त्याने भाच्याला विचारून घेतला की नाही, याचा फोन मला ठाण्याला पोचायच्या आत आला.