चार व्हायोलिनं कशाला?

घरी इटालियन संगीतकार विवाल्दीची चार व्हायोलिनांची रचना वाजत असताना कुणी आलं की प्रश्न ठरलेला: "चार-चार व्हायोलिनं कशाला? एक चांगला वाजवणारा पुरे की!" विचारणारे बहुतेक ख्याल ऐकणारे, मीही त्यांच्यातलाच. एक कलाकार आणि बाकीचे साथीला, ही आपल्या कानांची सवय. म्हणून प्रश्न मला रास्त वाटतो.

विवाल्दीचा हा बी मायनर या पट्टीतला कन्चेर्टो, म्हणजे मुख्य वाद्यं आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. १७११ साली ॲम्स्टरडॅमला त्याचे १२ कन्चेर्टो एकत्र छापले गेले, त्यातला हा दहावा. विवाल्दी व्हेनिसचा, पेशाने धर्मगुरू; तिथल्या अनाथालयातल्या मुलींना तो व्हायोलिन शिकवत असे. सुरुवात अख्ख्या वाद्यवृंदाने होत नाही, दोनच व्हायोलिनं बोलू लागतात. मग बाकीची येतात, मध्येच चेलोही, म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला मोठा भाऊ, डोकं वर काढतो. मुख्य कोण, हे शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

पण खरं उत्तर मधल्या संथ भागात आहे. जेमतेम दोन मिनिटांचा. आधी सगळे मिळून थांबत थांबत, जड पावलांनी येतात. मग वाद्यवृंद मागे सरतो आणि चौघं उरतात. इथे धून अशी नाहीच, नुसते स्वरसंघ, म्हणजे एकत्र जुळणाऱ्या स्वरांचे गट, एकातून दुसऱ्यात उतरत जातात. चौघं तेच स्वर सुटे करून वाजवतात, पण गज प्रत्येकाचा निराळा: कुणी स्वर जोडत जातो, कुणी तोडत, एक तर बाकीच्यांच्या दुपटीत. यातलं कुठलंही एक वेगळं काढून ऐकलं तर रियाजाचा पलटा वाटेल. चारही एकत्र झाले की जे ऐकू येतं, ते चौघांपैकी कुणीच वाजवत नसतं. जुळलेल्या तंबोऱ्यातून कुणी न छेडलेला गंधार उमटतो ना, तसं. एका वादकाने कितीही तयारी केली तरी हे त्याच्याकडून होणार नाही.

१७३०च्या सुमारास जर्मन संगीतकार बाखने लाइपझिगला हाच कन्चेर्टो चार हार्पसिकॉर्डसाठी (पियानोसारखं पट्ट्या दाबून वाजवायचं जुनं वाद्य) बसवला, ए मायनरमध्ये. तोही मी प्रेमाने ऐकतो. पण तिथे तार छेडली जाते, गज नाही; आणि मला त्या चार गजांचाच ध्यास आहे.

पुढच्या वेळी आलात की आधी हा मधला भागच लावतो. तुम्ही फक्त तिसऱ्या व्हायोलिनवर कान ठेवा.