आला, आली, आले

परवा दुपारी एका विज्ञानकथेच्या पहिल्याच वाक्यात मी अडकले. परग्रहावरचे यान उतरले होते, त्याचे दारही उघडले होते आणि आतून कोणीतरी बाहेर यायचे होते. पण ते कोणीतरी 'आला' म्हणावे, 'आली' म्हणावे की 'आले', हे काही केल्या ठरेना. नर आणि मादी हा भेदच नसलेली जीवसृष्टी मी मोठ्या हौसेने योजली होती आणि तिच्यातल्या पहिल्याच जीवाला मराठीत पाऊल टाकण्यापूर्वी लिंग घ्यावे लागत होते. नपुंसकलिंग सोयीचे म्हणून 'ते आले' असे लिहून पाहिले, तर दारात कोणी वडीलधारे गृहस्थ उभे राहिल्यासारखे वाटले.

अमेरिकी विज्ञानकथालेखिका उर्सुला ली ग्विन यांना निदान क्रियापदाचा जाच नव्हता. १९६९च्या त्यांच्या कादंबरीतली माणसे एरवी ना स्त्री ना पुरुष असतात आणि तिथला राजाही गरोदर राहतो. तरीही त्या सर्वांसाठी त्यांनी इंग्रजीतले 'तो' हेच सर्वनाम वापरले. १९७६मधल्या लेखात त्यांनी त्याचे समर्थन केले आणि अकरा वर्षांनी त्याच लेखात, जुना मजकूर न खोडता, आपले मत बदलल्याची टिपणे घातली. खाडाखोड करून नामानिराळे होणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही, म्हणून मला त्या अधिकच आवडतात.

लहानपणी आमचे यान म्हणजे उलटी केलेली खाट. कप्तान अर्थातच भाऊ. माझ्याकडे पृथ्वीवर बसून संदेश घेण्याचे काम असे, कारण आम्ही वाचलेल्या गोष्टींतल्या मुली शास्त्रज्ञ काकांना "म्हणजे काय हो?" एवढेच विचारायच्या आणि काका पुढची दोन पाने समजावत बसायचे. एकदा कंटाळून मी अंगावर चादर ओढली आणि परग्रहवासी झाले. त्याबरोबर मला खाटेत प्रवेश मिळाला. भाऊ ओरडला, "आला रे आला!" चादरीखाली मी 'आला' झाले होते आणि खोटे कशाला सांगू, मला त्याचा फार आनंद झाला होता.

रंगाची गोष्ट याहून विचित्र आहे. परग्रहवासी हिरवा असला, निळा असला, तरी वाचक बिनतक्रार मान डोलावतो. पण अमेरिकी लेखक सॅम्युएल डिलेनी यांची 'नोव्हा' ही १९६८ची कादंबरी मासिकातून क्रमशः छापण्यास संपादक जॉन कॅम्पबेल यांनी नकार दिला तो नायक कृष्णवर्णीय होता म्हणून. आपले वाचक त्याच्याशी समरस होणार नाहीत, असे त्यांना वाटले, हे डिलेनी यांनीच लिहून ठेवले आहे. ते वाचून मी संतापले होते. परवा माझी वही चाळताना मात्र यानाच्या कप्तान बाईंचे मीच केलेले वर्णन समोर आले : 'सावळी पण तरतरीत'. हा 'पण' मी लिहिल्याचे मला आठवत नाही. शिवाय यानावरच्या सगळ्यांची नावे माझ्याच ओळखीच्या घरांतली निघाली.

दोष व्याकरणाचा, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण बंगालीत क्रियापदाला लिंगच नाही आणि तरीही बंगाली लेखिका रुकैया सखावत हुसेन यांच्या भोवतालच्या बायका पडद्यातच होत्या. १९०५मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या कथेत त्यांनी पुरुषांना घरात कोंडले आणि सूर्याची उष्णता साठवून राज्य चालवणाऱ्या बायकांना बाहेर मोकळे सोडले. वाचताना मला अजून हसू येते, आणि त्या हसण्यात थोडी खुनशी चव असते, हेही मान्य करायला हवे.

एवढे सगळे मनात घोळवून झाल्यावर, संध्याकाळी, अचानक लक्षात आले की मराठीच्या भविष्यकाळाला लिंग नाही. तो येईल, ती येईल, ते येईल. आणि आम्ही भविष्याच्या कथा लिहितो त्या भूतकाळात! मी उत्साहाने पहिले वाक्य बदलून टाकले : 'दार उघडेल आणि कोणीतरी बाहेर येईल.' मग दुसरे वाक्य लिहायला घेतले. बाहेर आल्यावर त्याला थंडी वाजेल. म्हणजे तिला. म्हणजे, वही मिटून मी दिवा लावायला उठले.