दुधी संध्याकाळी फुलतो

दुपारी केळं खाल्लं आणि साल हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. कचऱ्याचा डबा पायाशीच. ओला वेगळा, सुका वेगळा, सगळं रीतसर. पण टाकवेना. मागच्या वेळी धाकटा ठाण्याला आला, तेव्हा पाणीसुद्धा प्यायच्या आधी त्याने डब्याचं झाकण उघडून बघितलं होतं. बोलला काही नाही. नुसतं "ताई..." म्हणाला आणि झाकण लावलं. आजी असती तर तासभर बोलली असती. ते परवडलं असतं.

कोथरूडला त्याची गच्ची आहे, ४०० चौरस फुटांची. विटांचे वाफे, जुने ड्रम, एक फुटकी बादली आणि भाचीचा लहानपणचा आंघोळीचा टब. टबात आंबट चुका. माती नावाला. खाली उसाची चिपाडं, त्यावर पालापाचोळा, मग भाज्यांची देठं-सालं आणि वर मूठ मूठ माती भुरभुरलेली. स्लॅबवर भार नको आणि खालच्या काकांना गळतीचं निमित्त नको. चिपाडं रसवंतीतून स्कूटरवर पायाशी पोतं ठेवून येतात. पानगळ सुरू झाली की हा सकाळी रस्त्यारस्त्याने पाचोळा भरत फिरतो, कुणी काडी लावायच्या आत. एकदा भाचीच्या मैत्रिणीने त्याला या अवतारात बघितलं. भाची दोन दिवस बापाशी बोलली नाही.

हे वेड त्याला कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोलकरांमुळे लागलं. 'प्रयोग परिवार'वाले दाभोलकर. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं घर नीट चालू शकतं, असं सांगणारे. ते गणिताचे प्राध्यापक होते, याचं मला फार हसू येतं. दहावीला गणितात काठावर सुटलेल्या माझ्या भावाने आयुष्यात गुरू केला तो नेमका गणितवाला! गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. याच्याकडे अर्धासुद्धा नाही. "मग तुझ्या हिशेबाने किती माणसं जेवतील?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "चटणीपुरती."

साताऱ्याच्या घरी मोरीच्या मागे अळू होतं, त्यापुढे केळ. मोरीचं पाणी पाटाने अळूला, अळूचं उरलेलं केळीला. त्याला काही नाव नव्हतं. पाणी वाया घालवलं की आई रागवायची, एवढंच. धाकटा त्या पाटात दुपारभर बसलेला असे. विटेचा तुकडा लावून पाणी अडवायचा आणि स्वतःच्या एकुलत्या टोमॅटोकडे वळवायचा. अळू सुकलं की आईला कळायचं, मग धपाटा. पेरलेलं बी तो रोज उकरून बघायचा. फुटलं का, म्हणून. सकाळी उकरायचा, शाळेतून आला की परत उकरायचा. कोंब दिसला तर आनंदाने उपटून मला दाखवायला आणायचा. त्याच्या हातचं काही जगलं असेल असं मला आठवत नाही. तोच आता खताच्या ड्रमवर खडूने तारीख लिहून दोन-दोन महिने झाकणाला हात लावत नाही.

भोपळ्यांची लग्नं तो स्वतः लावतो. वर मधमाश्या पुरेशा येत नाहीत म्हणे. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मादी फुलाच्या आत हलकेच फिरवायचं. मादी ओळखायला सोपी, फुलाखाली इवलासा भोपळा आधीच बसलेला असतो. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. दुधीचं पांढरं फूल मात्र संध्याकाळी. त्यामुळे माझ्या पुतण्याच्या रिसेप्शनला हा साडेआठला उगवला. शर्टावर पिवळे डाग. विहीणबाईंनी विचारलं, "उशीर झाला?" तर हा सरळ म्हणतो, "हो, दुधीचं लग्न होतं." त्या कोण दुधी म्हणून विचारात पडल्या.

आमचे हे त्याच्या एका वांग्याची किंमत काढतात. विटा, ड्रम, पेट्रोल धरून साठ रुपये येते म्हणतात. मीही हसते. आणि मग भाजीवालीकडे वांगी निवडताना, तिने विचारलेलं नसताना, सांगते की माझ्या भावाच्या गच्चीत याहून छान लागतात, औषध नाही, काही नाही, मावा पडला तर कडुलिंबाचं तेल. तिला आता पाठ झालंय. लिफ्टमध्ये सांगितलंय, बँकेच्या रांगेत सांगितलंय. त्याला? त्याने पिशवी पुढे केली की माझ्या तोंडून निघतं, "एवढुशीच रे?" आमच्या घरात कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही. आईनेही ते कधी केलं नाही. ती गेली त्या वर्षी त्याने साताऱ्याच्या मोरीमागचा अळवाचा कांदा आणून फुटक्या बादलीत लावला. त्याबद्दल आम्ही दोघं कधीच काही बोललेलो नाही.

साल शेवटी वाडग्यात ठेवलं. आज चौथा दिवस. आता त्यात तीन केळ्यांची सालं आहेत, दोन डाळिंबांची, आणि ओटाभर चिलटं. हे विचारतात, हे काय आहे. रविवारी तो येतोय, म्हटलं, नेईल.