सीको 6139 'पोग': क्लच झाला, काटे बसले, पुशर बाकी

बेंचवर सध्या सीको 6139-6005 आहे: ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे मनगटाच्या हालचालीने चावी भरणारं, स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. पिवळी डायल, निळी-लाल टॅकिमीटर बेझल (काचेभोवतीची, वेग मोजायच्या आकड्यांची कडी), आतली फिरती रिंग शाबूत. केसबॅकवरचा सीरियल '2एन'ने सुरू होतो. सीकोच्या त्या काळच्या पद्धतीत पहिला आकडा सालाचा आणि दुसरी खूण महिन्याची. जानेवारी ते सप्टेंबर 1 ते 9, पुढे ओ, एन, डी म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. म्हणजे हा तुकडा नोव्हेंबर 1972 चा. 6139 चं उत्पादन 1969 ला सुरू होऊन सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत चाललं, त्यामुळे घोळ होतो तो फक्त 9 आकड्याचा: 1969 की 1979? तिथे डायल आणि केसबॅकवरचा मजकूर पाहायचा. 'वॉटर प्रूफ' साधारण 1970 पर्यंत, नंतर 'वॉटर रेझिस्ट', आणि पुढे डायलवरून पाण्याचा उल्लेखच गेला.

6005 हा क्रमांक अमेरिकेच्या बाजारासाठीचा, 6002 इतरत्र विकला गेलेला. दोन्हींत मशीन तेच. ज्यांच्यावरून या घड्याळाला 'पोग' म्हणतात त्या अमेरिकी अंतराळवीर विल्यम पोग यांच्या मनगटावर होतं ते 6005. 1972 मध्ये एलिंग्टन हवाई तळावरच्या दुकानातून त्यांनी ते 71 डॉलरला घेतलं. स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाकडे जाणारी त्यांची स्कायलॅब 4 मोहीम 16 नोव्हेंबर 1973 ला सुटली आणि 8 फेब्रुवारी 1974 ला परतली, 84 दिवसांची. प्रशिक्षणात इंजिन किती सेकंद पेटतं ठेवायचं हे मोजायला पोग हेच घड्याळ वापरत. हाताला सवय झालेली, म्हणून ते सोबत नेलं. नासाने मंजूर केलेलं घड्याळ तेव्हा ओमेगा स्पीडमास्टर होतं आणि तेही त्यांच्याकडे होतंच. सीकोला मात्र कुणी मंजुरी दिलेली नव्हती.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण अंतराळातली घड्याळं म्हटलं की सगळी एकाच पोत्यात भरली जातात. स्पीडमास्टरने नासाच्या चाचण्या पार केल्या, 1 मार्च 1965 ला त्याला उड्डाणयोग्य ठरवलं गेलं. पण त्याआधी 3 ऑक्टोबर 1962 ला वॉल्टर शिरा यांनी मर्क्युरी उड्डाणात नेलेलं स्पीडमास्टर त्यांचं स्वतःचं होतं. त्याच वर्षी 24 मे ला स्कॉट कार्पेंटर यांच्या हातावर ब्राइटलिंगचं कॉस्मोनॉट होतं: नेव्हिटायमरचाच भाऊ, पण 24 तासांच्या डायलचा, कारण कक्षेत दर दीड तासाने दिवस-रात्र होत असताना 12 तासांची डायल गोंधळात टाकते. सोव्हिएत बाजूला 18 मार्च 1965 ला अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर पडले तेव्हा त्यांच्याकडे स्ट्रेला होतं, मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्याचं 3017 मशीन, स्विस व्हीनस घराण्यावरून बेतलेलं. ही सगळी चावीची घड्याळं. ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ बाजारातच आला 1969 मध्ये. त्या वर्षी झेनिथने एल प्रिमेरो, ब्राइटलिंग-हॉयर गटाने क्रोनोमॅटिक आणि सीकोने 6139 आणलं. पहिला कोण यावर अजून वाद चालतो. त्या वादात पडण्यापेक्षा 6139 उघडून बघावं, त्यात जास्त अर्थ आहे.

अंतराळात गेलेलं पहिलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ म्हणून बरीच वर्षं सिन 140 चं नाव घेतलं जायचं. जर्मन अंतराळवीर राइनहार्ड फुरर यांनी ते 1985 च्या स्पेसलॅब डी-1 मोहिमेत घातलं होतं. स्कायलॅबच्या छायाचित्रांत पिवळी डायल ओळखू आली, पोग यांनी स्वतः दुजोरा दिला आणि मान बारा वर्षं मागे सरकला. त्यांचं घड्याळ 2008 मध्ये हेरिटेज या लिलावसंस्थेच्या लिलावात 5,975 डॉलरला गेलं. वजनरहित अवस्थेत रोटर, म्हणजे ऑटोमॅटिकची चावी भरणारं फिरतं वजन, फिरतो कसा, असा प्रश्न नेहमी येतो. गुरुत्वाकर्षण नसलं तरी रोटरचं वस्तुमान कुठे जात नाही. मनगट झटकन वळलं की केस वळते, रोटर जडत्वाने मागे राहतो, आणि तेवढी सापेक्ष हालचाल चावी भरायला पुरते.

आता काम.

उघडण्याआधीची तपासणी. चावी अर्धी दाबली की तारीख पुढे जाते, पूर्ण दाबली की वार. या तुकड्यात तारीख जात होती, वार अडखळत होता. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान ही दाबादाबी करू नका. तेव्हा कॅलेंडरचं बोट चकतीच्या दातात असतं आणि जोर दिला की दात किंवा बोट, दोन्हींपैकी एक जातं. चावी न दाबता फिरवली की आतली रिंग फिरायला हवी. क्रोनोग्राफ सुरू केल्यावर मधला सेकंद काटा उडी न मारता चालला पाहिजे आणि थांबवल्यावर जागच्या जागी थांबला पाहिजे. आपला काटा थांबवल्यावरही पुसटसा पुढे रेंगाळत होता. ही क्लचची, म्हणजे सेकंद काट्याला चालत्या मशीनशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागाची तक्रार.

मशीन बाहेर काढताना स्टेम (चावीचा दांडा) आधी सोडवा, मग पुशर (क्रोनोग्राफची बटणं). सत्तरच्या दशकातली गॅस्केट आता रबर राहिलेली नसतात, डांबरासारखी होऊन पुशरच्या नळीत चिकटतात. काटे काढायच्या आधी डायलवर प्लास्टिकचा तुकडा ठेवाच. या मशीनमध्ये मधला सेकंद काटा फार घट्ट बसलेला असतो. एका बाजूने उचकटला तर काटा निघतो आणि त्याची नळी दांड्यावरच राहते. दोन्ही लिव्हर एकाच वेळी, समान जोराने. वाराची चकती सी आकाराच्या क्लिपने अडकवलेली आहे. ती उडते, म्हणून वरून एक बोट हलकेच टेकवून ठेवा.

पॅलेट फोर्क (बॅलन्स या झुलणाऱ्या चाकाला ठोके देणारा भाग) काढायच्या आधी मुख्य स्प्रिंगमधला जोर उतरवा: रॅचेटचा स्क्रू स्क्रूड्रायव्हरने धरून क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारी खीळ) बाजूला करायची आणि हळूहळू सोडायचं. 6139 ला हाताने चावी देता येत नाही, म्हणून अनेकजण घड्याळ 'बंद' आहे म्हणजे जोर नाही असं धरतात. ते खरं नसतं. तेल वाळलेलं घड्याळ भरलेल्या स्प्रिंगसकट बंद पडलेलं असू शकतं.

धुण्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. पॅलेटचे खडे शेलॅकने (एक प्रकारच्या लाखेने) चिकटवलेले असतात आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतो. आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) फोर्क भिजत ठेवला तर खडे सरकतात आणि मग ते पुन्हा जागेवर आणणं हे वेगळंच काम होऊन बसतं. फोर्क आणि बॅलन्सला शुद्ध नॅफ्था, तेही थोडा वेळ. आपल्याकडे बरेच कारागीर अजून पेट्रोलने धुतात. स्वच्छ होतं, पण मागे थर राहतो, आणि छोट्या पिव्होटवर तो पुढच्या तेलात मिसळतो.

आणि क्लच. 6139 चा सगळा मोठेपणा इथे आहे. स्पीडमास्टरच्या 321 मशीनमध्ये क्रोनोग्राफ सुरू केला की एक चाक सरकत येऊन दुसऱ्याच्या दातात शिरतं. दातावर दात आला तर काटा सुरुवातीलाच झटका घेतो. सीकोने चाक सरकवणं सोडून दिलं. सतत फिरणारं सेकंदाचं चाक आणि काट्याचा दांडा एकाच अक्षावर, एकावर एक. मधल्या बारीक स्प्रिंगने चकती चाकावर दाबून धरलेली. थांबवायचं असलं की दोन लिव्हर दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे येतात, चकतीच्या उतरत्या कडेखाली शिरतात आणि तिला केसाच्या जाडीइतकी वर उचलतात. सुरू केलं की चिमटा उघडतो, चकती खाली बसते, घर्षणानेच काटा चालायला लागतो. दात नाहीत, त्यामुळे झटका नाही. कॉलम व्हीलसोबत (सुरू-थांब-रीसेटचे लिव्हर हलवणाऱ्या खांबांच्या चाकासोबत) असा उभा क्लच ऑटोमॅटिक क्रोनोग्राफमध्ये आधी कुणी दिला नव्हता, आणि आज महागड्या क्रोनोग्राफमध्ये हाच मांडणीचा प्रकार चालतो.

याचा एक परिणाम उलटा वाटतो: क्रोनोग्राफ चालू असताना मशीनवर भार वाढत नाही, थांबलेला असताना थोडा वाढतो. चालू असताना सगळं एकसंध फिरतं. थांबवल्यावर चाक फिरतं, मधला दांडा स्थिर, आणि त्या दोघांत घासाघीस. तिथलं तेल वाळलं तर ही घासाघीस काटा ओढून नेते. आपला रेंगाळणारा काटा हाच होता. उपाय म्हणून हा भाग अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) टाकू नका. तो उघडून पुन्हा जोडायला बनवलेला नाही आणि आतलं तेल गेलं की परत घालायला सरळ वाट नाही. आम्ही नॅफ्थाचे थेंब दांड्याच्या बाजूने सोडले, क्लच हाताने फिरवत राहिलो, ब्लोअरने वाळवला, आणि दांडा चाकात शिरतो त्या सांध्यावर 9010 या तेलाचा अर्धा थेंब सगळ्यात बारीक ऑइलरने दिला. चकतीच्या घर्षणाच्या पृष्ठभागावर तेल अजिबात नको, नाहीतर चालू असताना काटा घसरतो.

बाकीचं तेल नेहमीचं: वेगवान चाकांना 9010, सावकाश फिरणाऱ्या आणि जास्त दाबाच्या जागांना एचपी 1300, पॅलेटच्या खड्यांना 9415. बॅरलच्या (मुख्य स्प्रिंगच्या डबीच्या) भिंतीला मात्र ब्रेकिंग ग्रीस, 8217. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंग भरली की तिचं टोक भिंतीवरून घसरायला हवं, पण लगेच नाही. साधं ग्रीस लावलं तर ती लवकर घसरते, घड्याळ दिवसभर घालूनही रात्री बंद पडतं, आणि दोष विनाकारण रोटरला दिला जातो.

टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाचा दर (किती पुढे-मागे जातं ते) आणि बॅलन्सचा झोका मोजणारं यंत्र, त्यावरचं आजचं चित्र: पूर्ण भरल्यावर, डायल वरच्या बाजूला ठेवून, क्रोनोग्राफ चालू, झोका 248 अंश, थांबवल्यावर 236. या वयाच्या 6139 ला 240 च्या आसपास मिळालं की आम्ही समाधानी असतो. चालू-थांबलेलं यांतला फरक 20 अंशांच्या वर गेला तर क्लच परत तपासायचा. एक फसवी खूण: टाइमग्राफरवर दर बरोबर, पण काटे दिवसाला पाच-दहा मिनिटं मागे. तेव्हा बॅलन्सला हात लावू नका, कॅनन पिनियन (मिनिट काटा ज्यावर बसतो ती नळी) सैल आहे.

काटे बसवताना क्रमाला महत्त्व आहे. तास, मिनिट, मग 30 मिनिटांच्या छोट्या डायलचा काटा, शेवटी सेकंद. शेवटचे दोन बसवताना रीसेट पुशर दाबूनच धरायचा. हॅमर (रीसेट दाबल्यावर पडणारी हातोडी) हार्ट कॅमवर (काट्याला शून्यावर आणणाऱ्या बदामी चकतीवर) टेकलेला असला तरच शून्य म्हणजे खरं शून्य. तीस-चाळीस वेळा सुरू-थांब-रीसेट करून बघा. काटा दर खेपेला थोडाथोडा सरकत असेल तर नळी सैल झाली आहे. ती घट्ट करून पुन्हा बसवा, डिंक लावू नका. आणि चालू क्रोनोग्राफवर रीसेट दाबू नये, हे घड्याळ फ्लायबॅक (न थांबवता शून्यावर आणता येणारं) नाही.

आता डायल. मूळ पिवळ्या डायलला मध्यातून कडेकडे गेलेल्या बारीक घासरेषा असतात आणि त्यावर पारदर्शक रंगाचा थर. घड्याळ तिरपं केलं की पिवळा सोनेरी होतो, कडेला मधासारखा गडद. उन्हाने आणि ओलाव्याने हा थर तपकिरीकडे झुकतो. आपल्या डायलवर 4 ते 5 च्या दरम्यान असा एक पट्टा आहे. तो तसाच राहणार. जगभरच्या संग्राहकांत रंगवून विकलेल्या जुन्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि हे नाव उगीच पडलेलं नाही. जुन्या बाजारात अशी 'नवीकोरी' पोग भरपूर दिसतात. ओळखायला भिंग पुरतं: रंग सपाट आणि घासरेषा नाहीत, मिनिटांच्या रेघा जाड, कडा पसरलेल्या, तारखेच्या खिडकीच्या आतल्या कडेवर रंग उतरलेला, डायलच्या तळाशी असलेला बारीक कोड एकतर गायब किंवा वाचता न येणारा, आणि अंधारात काटे लखलखतात, जे पन्नास वर्षांच्या रेडियमविरहित ल्यूमला (अंधारात चमकणाऱ्या रंगाला) शक्य नाही. पुन्हा रंगवलेली डायल परत मूळ होत नाही. स्प्रिंग, काच, गॅस्केट, चावी, अगदी अख्खं दुसरं 6139 मशीनही मिळतं. म्हणून विकत घेताना डायलचे पैसे द्या आणि मशीन खराब आहे असं गृहीत धरा.

केसला बफ मारलेला नाही. वरच्या पृष्ठभागाचा ब्रश आणि कडांची धार टिकून आहे, एवढं पुरे. लगमध्ये (पट्टा अडकवायच्या कानांमध्ये) 19 मिलिमीटरचा पट्टा बसतो. 20 चा दाबून बसवलेले पट्टे लगच्या आतल्या बाजूला चरे पाडतात.

शिल्लक काम: रीसेट पुशरची स्प्रिंग कमजोर आहे. पुशर पूर्ण बाहेर येत नाही, हॅमर अर्धा खाली राहतो, आणि त्यामुळे सेकंद काटा 60 ओलांडताना मिनिटांचा छोटा काटा कधीकधी अर्धीच उडी घेतो. क्लच साफ केल्यावरही हा दोष उरला होता म्हणून तिकडे लक्ष गेलं. दोन्ही पुशरच्या स्प्रिंग आणि गॅस्केट एकदम बदलायचे, सिलिकॉन ग्रीस लावायचं. वाराची अडखळ इंग्रजी-स्पॅनिश चकतीखालच्या वाळलेल्या ग्रीसने होती, ती गेली. सगळं बंद केल्यावर कोरडी दाबचाचणी, आणि निकाल काहीही आला तरी हे घड्याळ पाण्यात जाणार नाही. पुढच्या नोंदीत पुशरची मापं आणि घड्याळ सहा अवस्थांत ठेवून मोजलेले दर.