मिसिंग

आमच्या बेळगावात इंजिन हिसके देऊ लागलं की "मिसिंग मारतंय" म्हणतात, म्हणजे चारातला एक सिलेंडर कामावर आलेला नाही. आमची 1982 ची प्रीमियर पद्मिनी मोटार आहे, बाबांनी घेतलेली, 1089 सीसी, गिअर स्टीअरिंगलाच, आणि पाऊस सुरू झाल्यापासून ती असंच करत होती. उभी राहिली की आरशातलं मागचं सगळं जग थरथरायचं. ह्या इंजिनात ठिणगी सिलेंडरांत 1-3-4-2 अशा क्रमानं फिरते, त्यातला एक बसला की बाकीचे तिघं ओढतात, तीन भावांनी रान कसायचं आणि चौथ्यानं पारावर बसायचं तसं. गाडी चालते, पण घरात धुसफूस.

टिळकवाडीत दुसऱ्या गेटाला ती एकदा बंदच पडली. रेल्वे गेट बंद असलं की माणसाकडं वेळच वेळ, त्यामुळं बॉनेट उघडायच्या आत पाच डॉक्टर हजर. एक म्हणाला कंडेन्सर गेलंय, एक म्हणाला पेट्रोलात पाणी, मागनं एक "एन आयतु री?" (काय झालं हो?) करत आला आणि उत्तर ऐकायच्या आधीच "कार्बोरेटर बिच्चि नोड्री" (उघडून बघा) सांगून मोकळा. गेट उघडलं तसे सगळे किक मारून गेले. रोगी तिथंच.

आणि मी काय केलं तर पाचही जणांचं ऐकलं. नवे प्लग, नवे पॉइंट, गेज घालून 0.4 मिलिमीटरचा गॅप, कंडेन्सर, कार्बोरेटर साफ. पैसे गेले, थरथर राहिली. हे निदान नव्हे, नवस आहेत हे मला उशिरा कळलं.

मग एका रविवारी इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीनं एकेक प्लगची वायर काढून बघितली. पहिली काढली, इंजिन आणखी मंदावलं. तिसरी, चौथी, तेच. दुसरी काढली तर काहीच फरक नाही, म्हणजे पारावर बसणारा हाच. त्याचा प्लग काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा. म्हणजे पेट्रोल पोचतंय, जळत नाही, उगीच कार्बोरेटरला बोल लावला! प्लग तिसऱ्याशी बदलला, वायर बदलली, तरी दुसराच बंद. उद्यमबागेतल्या एका ओळखीच्याकडनं सिलेंडरातला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज आणलं तर चारही जवळजवळ सारखे, म्हणजे वॉल्व बरे, रिंगा बऱ्या. आता राहिलं काय?

बायको पहिल्यापासून सांगत होती, "अहो, पाऊस असला की ते जास्त नाटकं करतंय बघा." मी म्हटलं, असू दे. (इंजिनातलं तिला काय कळतंय, असं मनात. बोललो नाही, तेवढी अक्कल आहे.)

त्याच रात्री बुरबुर पावसात शेडखाली इंजिन चालू, ती टॉर्च धरून उभी, आणि तिच्या बहिणीचा खानापूरहून फोन आला. टॉर्च मोबाईलचाच, तो गेला कानाला. मी ओरडणार तेवढ्यात अंधारात चारही प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर एक बारीक निळी रेघ टकटक उड्या मारताना दिसली. दुसऱ्या नंबरच्या खोबणीतनं खाली क्लिपकडं. कॅप काढून पुसली तर आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी चीर. हजारो व्होल्टची ठिणगी ती, दाबाखालच्या प्लगमध्ये उडी मारण्यापेक्षा ओलसर चिरेतनं बॉडीवर उतरणं तिला सोपं. उन्हात चीर कोरडी, म्हणून गाडी शहाणी.

चीर पडलेली कॅप मी फेकली नाही, खिडकीत ठेवलीय. बायको येताजाता तिच्याकडं बघते आणि काही बोलत नाही, ते जास्त लागतं.

परवा परत दुसरं गेट पडलेलं. गाडी उभी, आरसा स्थिर. मागच्या वेळचा कंडेन्सरवाला स्कूटरवरनं वाकून बघत होता. "काय, आज बॉनेट उघडत नाही?" "नाही." तो जरा हिरमुसलाच.